भिंतीवरची नावं, जर्सीवरचं नाव

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनच्या कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये खेळाडूंची नावं आणि त्यांच्या जर्सीचे क्रमांक लावलेले आहेत. जॅकी पार्कर, जॉनी ब्राइट, नॉर्मी क्वॉन्ग, रोली माइल्स, टॉम विल्किन्सन, डेव्ह कटलर, वॉरन मून. एडमंटनच्या फुटबॉल क्लबची ही सन्मानभिंत. जुलै २०२० मध्ये क्लबने ‘एस्किमोज’ हे आपलं जुनं नाव टाकून दिलं, कारण ते उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांना बाहेरच्यांनी दिलेल्या नावावरून घेतलेलं होतं, आणि २०२१ मध्ये ‘एल्क्स’ हे नवं नाव घेतलं. तेव्हापासून जुन्या चाहत्यांच्या तोंडी एक तक्रार पक्की बसली आहे: नाव काढलंत म्हणजे या माणसांचा इतिहासच पुसलात.

ही तक्रार प्रेमापोटी येते, हे मान्य. हिरव्या-सोनेरी रंगाची टोपी कानावर ओढून उणे वीस तापमानात सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला कुणी बाहेरून येऊन ‘तुमचं नाव चुकीचं होतं’ म्हटलं, की तो चिडणारच. तरीही मला वाटतं, त्याचं म्हणणं नेमकं उलटं आहे. भिंतीवरच्या या माणसांच्या कहाण्या पुऱ्या सांगायला बसलं, तर जुन्या नावाच्या बाजूने बोलायला फारसं काही उरत नाही. आणि त्या कहाण्या आज पुऱ्या सांगितल्या जात नाहीत, याचा दोष नव्या नावाच्या माथी मारता येणार नाही. जुनं नाव मिरवत होतं तेव्हाही त्या अर्ध्याच सांगितल्या जात होत्या.

आधी खेळाबद्दल थोडं. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचा, झेलायचा, आणि समोरच्याने अंगावर येऊन पाडायचं, असा हा खेळ. अमेरिकेतही हाच खेळतात, पण कॅनडातलं मैदान ११० यार्ड लांब आणि अधिक रुंद, प्रत्येक बाजूला १२ गडी, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी. त्यामुळे पळापळ जास्त, लांब फेकी जास्त. ग्रे कप म्हणजे कॅनडातल्या या खेळाच्या व्यावसायिक लीगचं विजेतेपद. एडमंटनचा आजचा क्लब १९४९ मध्ये उभा राहिला आणि त्याने हा कप चौदा वेळा जिंकला. १९७२ ते २००५ अशी सलग ३४ वर्षं तो बाद फेरीत पोचला. तिकडच्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब मालिका दुसऱ्या कुठल्या क्लबला साधलेली नाही.

या क्लबची दंतकथा सुरू होते २७ नोव्हेंबर १९५४ ला, टोरंटोत. मॉन्ट्रियलचा संघ २५-२० ने पुढे, शेवटची तीनेक मिनिटं उरलेली, आणि चेंडू एडमंटनच्याच रेषेजवळ. आणखी एक धक्का दिला की मॉन्ट्रियलचा कप. तेवढ्यात मॉन्ट्रियलच्या चक हन्सिंगरच्या हातून चेंडू सुटला. जॅकी पार्करने तो उचलला आणि ९० यार्ड पळत नेला. त्या काळी टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेण्याचे, पाच गुण होते, म्हणजे बरोबरी. मग बॉब डीनच्या किकने २६-२५. आपण चेंडू पुढे फेकला होता, तो सुटलेला नव्हताच, असं हन्सिंगर पुढे म्हणत राहिला. पण खेळाच्या इतिहासात पंचाचाच शब्द टिकतो.

पार्करला सगळ्यांत वर बसवण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लीगचा सर्वोत्तम खेळाडू तो तीनदा ठरला: १९५७, १९५८, १९६०. क्वार्टरबॅक म्हणजे चाली सांगून चेंडू फेकणारा, धावणारा, झेलणारा, गरज पडली तर बचावफळीतही. पाय इतके लुकडे वाटायचे आणि असे वळायचे, की लोक त्याला ‘स्पॅघेटी लेग्ज’ म्हणत. आज शहराच्या आग्नेय भागात त्याच्या नावाचं मोठं उद्यान आहे. त्या बाजूला भारतीय वस्ती बरीच. रविवारी कबाब भाजायला जमणाऱ्या किती जणांना पार्कर कोण हे माहीत असेल, हा वेगळा प्रश्न.

मला बोलायचंय ते १९५४ च्या त्या संघाबद्दल. पार्कर टेनेसीचा, शिकला मिसिसिपी स्टेट विद्यापीठात. तिथे पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला १९६५ मध्ये. म्हणजे पार्करच्या खांद्याला खांदा लावून एडमंटनला कप जिंकून देणाऱ्या जॉनी ब्राइटला किंवा रोली माइल्सला पार्करच्या वर्गात बसताच आलं नसतं. पार्कर कॅनडात आला तो चांगला पैसा आणि चांगली संधी पाहून. ब्राइट आला त्यामागचं कारण निराळं होतं. दोघांची नावं भिंतीवर एकाच मापाच्या अक्षरांत. आकडे दोघांचेही सांगितले जातात. कारणं कुणाचीच नाहीत.

ब्राइट इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा. आयोवातल्या ड्रेक विद्यापीठाकडून खेळताना १९५१ मध्ये तो देशातल्या अव्वल आक्रमक खेळाडूंत होता. २० ऑक्टोबर १९५१ ला ड्रेकचा संघ ओक्लाहोमा ए अँड एम कॉलेजच्या मैदानावर उतरला. सामन्याच्या पहिल्या काही मिनिटांतच विल्बँक्स स्मिथ नावाच्या गोऱ्या खेळाडूने ब्राइटच्या तोंडावर वार केला. चेंडू तेव्हा ब्राइटकडे नव्हताच. त्याने तो दुसऱ्याकडे सोपवून दिला होता आणि खेळ दुसरीकडे सरकला होता. जबड्याचं हाड मोडलं. ‘डे मॉइन रजिस्टर’ या वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी हे सगळं क्रमाने टिपलं होतं. त्या चित्रमालिकेला १९५२ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. पारितोषिक मिळालं छायाचित्रांना. वार करणाऱ्यावर काहीही कारवाई झाली नाही. निषेध म्हणून ड्रेकने दोन्ही कॉलेजं ज्या गटात खेळत तो गटच सोडला. ओक्लाहोमाच्या त्या विद्यापीठाने माफी मागितली ती २००५ मध्ये. तोवर ब्राइटला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे क्लब दरवर्षी कॉलेजातले खेळाडू फेरीफेरीने निवडतात; त्यातल्या फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला १९५२ च्या निवडीत पहिल्याच फेरीत घेतलं होतं. तो गेला नाही. ईगल्समध्ये तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला असता, त्या लीगमध्ये तेव्हा दक्षिणेकडचे खेळाडू भरपूर येत होते, आणि आपल्याशी ते कसे वागतील याचा भरवसा नव्हता, असं त्याने पुढे सांगितलं. मोडलेलं हाड ताजं असताना माणूस हाच विचार करणार. तो कॅलगरीला आला, तिथून १९५४ मध्ये एडमंटनला. १९५९ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. हा मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. १९६४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा १०,९०९ यार्ड पळून झाले होते आणि तेव्हापर्यंत लीगमध्ये एवढं कुणी पळालेलं नव्हतं. खेळता खेळता त्याने एडमंटनच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली, कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, पुढे मुख्याध्यापक झाला. १९८३ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेदरम्यान हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय ५३. आज शहरात त्याच्या नावाची शाळा आहे.

इथपर्यंतची गोष्ट कॅनडातल्या माणसाला फार आवडते, आणि मला धास्ती वाटते ती इथेच. अमेरिकेने जबडा मोडला, कॅनडाने शाळेला नाव दिलं. किती सुरेख!

जरा मागे जाऊया, चाळीस वर्षं. ब्राइटला मार बसला ओक्लाहोमात, आणि त्याच ओक्लाहोमातून १९०९-१० च्या सुमारास अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं वंशभेदाच्या कायद्यांना कंटाळून आल्बर्टात आली होती. एडमंटनच्या उत्तरेला अँबर व्हॅली नावाची त्यांची वस्ती उभी राहिली. झाडं तोडून, दलदल उपसून त्यांनी शेती केली. एडमंटनच्या व्यापारी मंडळाने यावर काय करावं? या लोकांना येऊ देऊ नका, असा अर्ज ओटावाला, म्हणजे केंद्र सरकारला, पाठवला. त्यावर तीन हजारांहून जास्त सह्या होत्या, आणि शहराची लोकसंख्या तेव्हा पंचवीस हजारांच्या घरात. ऑगस्ट १९११ मध्ये केंद्रातल्या मंत्रिमंडळाने कृष्णवर्णीयांना वर्षभर प्रवेशबंदी करणारा आदेश मंजूरही केला. कारण काय, तर या वंशाला कॅनडाचं हवामान मानवणारं नाही! तो आदेश प्रत्यक्षात लागू झाला नाही, काही आठवड्यांत मागेही घेतला गेला. पण हवामानाचं ते कारण वाचलं, की नोव्हेंबरच्या गोठलेल्या मैदानावर दहा हजार यार्ड पळालेला ब्राइट डोळ्यांपुढे येतो आणि हसावं की रडावं कळत नाही.

तेव्हा एडमंटन मूळचंच मोठ्या मनाचं शहर होतं, असं म्हणता येत नाही. १९११ मध्ये ज्यांना नको म्हटलं, त्यांच्याच वंशाचा माणूस १९५४ मध्ये हवाहवासा झाला, कारण तो सामने जिंकून देत होता. दार किलकिलं झालं होतं, आणि आत यायची फी होती टचडाऊन.

नॉर्मी क्वॉन्गची गोष्ट तर घरचीच. तो परक्या देशातून आलेला नव्हता, कॅलगरीत १९२९ मध्ये जन्मला. आईवडील चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातले, शहरात किराणा दुकान चालवणारे. त्याच्या जन्माच्या सहा वर्षं आधी कॅनडाने चिनी माणसांना देशात यायला जवळजवळ पूर्ण बंदी घातली होती. त्याआधी येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसाकडून डोईपट्टी वसूल व्हायची, ती वाढत वाढत ५०० डॉलरवर गेली होती. बंदीचा कायदा रद्द झाला १९४७ मध्ये. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, एकोणीस वर्षांचा क्वॉन्ग कॅलगरीकडून ग्रे कप जिंकला. लीगमधला पहिला चिनी वंशाचा खेळाडू तोच. १९५१ मध्ये तो एडमंटनला आला आणि १९५४, ५५, ५६ चे तिन्ही कप त्याच्या खात्यात जमा झाले. १९५५ आणि ५६ मध्ये तो सर्वोत्तम कॅनेडियन खेळाडूही ठरला.

वृत्तपत्रं त्याला ‘चायना क्लिपर’ म्हणत. तेव्हाच्या एका प्रसिद्ध विमानाचं ते नाव. कौतुकानेच म्हणत, यात शंका नाही. पण बघा, कॅलगरीत जन्मलेल्या, कॅलगरीत वाढलेल्या पोराचं कौतुक करतानाही त्याचा चेहरा आधी दिसतो आणि पाय नंतर. पुढे २००५ ते २०१० या काळात तो आल्बर्टाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला, म्हणजे प्रांतात राजसत्तेचा प्रतिनिधी. ज्या देशाने आईबापांसारख्यांवर डोईपट्टी बसवली त्याच देशाच्या कायद्यांवर आता त्याची सही. ही अख्खी कहाणी भिंतीवर ‘क्वॉन्ग, ९५’ एवढ्यात उरकते.

रोली माइल्सबद्दल बोलणारे कमी, म्हणून मुद्दाम लिहितो. वॉशिंग्टनचा हा मुलगा खरं तर बेसबॉल खेळायला कॅनडात आला होता. १९५१ मध्ये एडमंटनने त्याला उचललं आणि १९६१ पर्यंत तो आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळला. त्या तीन सलग कपांत पार्कर, क्वॉन्ग आणि ब्राइट गुण करत होते आणि माइल्स समोरच्यांना गुण करू देत नव्हता. असल्या कामाचं कौतुक कुठेच होत नाही, क्रिकेटमध्येही नाही. पुढे तोही एडमंटनच्या शाळांत शिक्षक झाला, शारीरिक शिक्षणाचा पर्यवेक्षक झाला. ब्राइट, माइल्स दोघंही शाळेत. त्या काळात खेळाचा पैसा वर्षभर पुरत नसे, म्हणून नोकरी करावीच लागे. पण एक फायदा झाला. एडमंटनच्या दोन पिढ्यांनी कृष्णवर्णीय माणूस आधी मैदानावर पाहिला आणि मग वर्गात, फळ्यापुढे. माझ्या मते या संघाने शहराला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट ही आहे, आणि ती कुठल्याही आकड्यात बसत नाही.

मग वॉरन मून. १९७८ च्या जानेवारीत त्याने वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना जिंकून दिला, मिशिगनविरुद्ध २७-२०, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. असा क्वार्टरबॅक अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत वरच्या फेऱ्यांत जायला हवा. पण त्याला हालहवाल कळत होती: क्वार्टरबॅक म्हणून कुणी घेणार नाही, जागा बदललीस तर बघू. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं डोकं, चाली सांगणारा. ती जागा कृष्णवर्णीय मुलाला झेपणार नाही, त्याला पळायला लावा, झेलायला लावा, असा त्या लीगमधला न लिहिलेला नियम होता. मून ऐकला नाही. निवड होण्याआधीच त्याने एडमंटनशी करार केला. निवडीच्या बारा फेऱ्यांत त्याचं नाव कुणीही घेतलं नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याच १९७८ च्या निवडीत डग विल्यम्स हा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत निवडला गेला. तेव्हा दार अगदी कुलूपबंद होतं असं नाही. पण एखाद्याला आत घेतलं म्हणून बाकीच्यांना का अडवलं, याचा जाब संपत नाही. १९७२ मध्ये चक ईली कॉलेजात एकही सामना न हरता आला होता. त्यालाही कुणी घेतलं नाही. तो कॅनडात हॅमिल्टनला गेला आणि पहिल्याच वर्षी ग्रे कप जिंकला. त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, बर्नी कस्टिस हॅमिल्टनला गेला होता, कारण अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या क्लबला तो हवा होता पण क्वार्टरबॅक म्हणून नको होता. ही एक ठरलेली वाट होती. मून त्याच वाटेने आला.

१९७८ ते १९८२, सलग पाच ग्रे कप. प्रशिक्षक ह्यू कॅम्पबेल, बचावात डॅन केप्ली आणि डेव्ह फेनेल, किक मारायला कटलर. सुरुवातीची वर्षं मून आणि टॉम विल्किन्सन दोघं मिळून खेळत. विल्किन्सन बुटका, पोट थोडं सुटलेलं, खेळाडू वाटायचाच नाही. १९८१ च्या अंतिम सामन्यात गंमत झाली. वर्षभरात फक्त पाच सामने जिंकलेल्या ओटावाच्या संघाने एडमंटनला २०-१ असं मागे टाकलं. मूनचं काहीच चालेना, म्हणून कॅम्पबेलने त्याला बाहेर बसवलं आणि विल्किन्सनला आणलं. थोडं सावरल्यावर दुसऱ्या सत्रात मून परत आला. शेवटच्या क्षणी कटलरची किक, २६-२३. विल्किन्सनचा हा शेवटचा सामना. मला पाच कपांमध्ये हाच सगळ्यांत आवडतो, कारण यात मून चुकतो, बाहेर बसतो, परत येतो. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला चुकायची मुभा त्या काळी अमेरिकेत मिळत नसे. एक वाईट सामना झाला की ‘सांगितलं होतं ना’ म्हणायला लोक टपलेले. एडमंटनने त्याला चुकू दिलं. शिकू दिलं. १९८२ मध्ये एका मोसमात ५,००० यार्डांच्या फेकी त्याने पूर्ण केल्या. व्यावसायिक फुटबॉलमध्ये हे त्याआधी कुणालाही जमलं नव्हतं. १९८४ मध्ये तो ह्यूस्टनला गेला, तेव्हा त्याला घ्यायला अमेरिकेतल्या क्लबांची रांग लागली होती. २००६ मध्ये तो अमेरिकेच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिथला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

यावर कॅनडातले चाहते म्हणतात, बघा, आम्ही ओळखलं, त्यांनी नाकारलं. खरं आहे. पण त्यात व्यवहार किती आणि औदार्य किती, हेही पाहायला हवं. कॅनडाच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असते. मग जी मोजकी जागा आहे ती उत्तमातल्या उत्तमाला द्यायची. अमेरिकेत आपल्याच आंधळेपणामुळे जे सोनं रस्त्यात पडलं होतं, ते उचलायला मोठं मन लागत नाही, डोळे लागतात. शिवाय रुंद मैदानावर पळू शकणारा, लांब फेकणारा क्वार्टरबॅक जास्त कामाचा. एडमंटनच्या चालकांना डोळे होते, याचं श्रेय त्यांना पुरेपूर द्यावं. पण शहाणपणाला पुण्याचा मुलामा देऊ नये.

बाकीच्यांवर मी फार रेंगाळत नाही. पीटर लॉहीड इथे दोन मोसम खेळला, डॉन गेटीने १९५६ च्या अंतिम सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून संघ चालवला, आणि दोघंही पुढे आल्बर्टाचे मुख्यमंत्री झाले. तिथे फुटबॉलच्या मैदानातून विधानसभेची वाट सरळ जात असावी. हेन्री ‘गिझ्मो’ विल्यम्स चेंडू झेलून पळत सुटला की स्टेडियम उभं राहायचं. १९८७ च्या अंतिम सामन्यात तो ११५ यार्ड पळाला. रिकी रे कधीकाळी बटाट्याच्या वेफर्सच्या ट्रकवर काम करत होता, त्याने २००३ आणि २००५ चे कप आणले. ही सगळी माणसं भिंतीवर हवीतच.

आता जर्सीवरच्या नावाकडे येतो. ‘एस्किमो’ हे उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाव नाही. ते स्वतःला इनुइट म्हणतात, म्हणजे माणसं. एडमंटन त्यांच्या प्रदेशात येत नाही, हजाराहून जास्त किलोमीटर दक्षिणेला आहे. मग संघाला हे नाव आलं कुठून? सांगितलं जातं ते असं, की शेजारच्या कॅलगरीच्या वृत्तपत्रांनी एडमंटनकरांना ‘थंडीत कुडकुडणारे’ म्हणून चिडवलं आणि एडमंटनने ते चिडवणं अभिमानाने स्वीकारलं. चाहते ही गोष्ट बचावासाठी सांगतात. मला ती उलट पुरावा वाटते. दोन गोऱ्या शहरांच्या थट्टेत तिसऱ्याच लोकांचं नाव शिवीसारखं वापरलं गेलं आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

आणि एडमंटनचा इनुइटांशी खरा संबंध नव्हता असंही नाही. होता, पण तो मैदानावरचा नव्हता. १९४६ पासून शहरात चार्ल्स कॅमसेल हॉस्पिटल चालत होतं. उत्तरेकडच्या मूलनिवासी आणि इनुइट क्षयरुग्णांना तिथे विमानाने आणलं जायचं, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं ठेवलं जायचं. घरच्यांना पत्ता नसायचा. काही मुलं परत गेली तेव्हा आपली भाषा विसरलेली होती. काही परत गेलेच नाहीत. १९५६ च्या सुमारास कॅनडातल्या साधारण दर सात इनुइटांपैकी एक जण दक्षिणेकडच्या क्षयरुग्णालयांत होता. १९५६! संघ तिसरा सलग कप जिंकत होता, त्याच शहरात.

याहून बोचणारी गोष्ट क्रमांकांची. १९४१ पासून कॅनडाच्या सरकारने इनुइटांना नंबरांचे बिल्ले वाटले. त्यांची नावं अधिकाऱ्यांना लिहिता येत नव्हती, आडनावं नव्हती, म्हणून गोल बिल्ला, त्यावर एक अक्षर आणि आकडा, गळ्यात किंवा मनगटात बांधायचा. पूर्वेकडच्यांसाठी ‘ई’, पश्चिमेकडच्यांसाठी ‘डब्ल्यू’. ही पद्धत १९७० च्या आसपासपर्यंत चालली. स्टेडियममध्ये ९१ म्हटलं की पार्कर, ९५ म्हटलं की क्वॉन्ग, ९८ म्हटलं की माइल्स. आकडा उच्चारताच हजारो लोकांना माणूस आठवतो. आणि ज्यांचं नाव संघाने उचललं, त्यांना सरकारने नावं काढून आकडे दिले होते. इतकी वर्षं जर्सीवर ते नाव वागवताना ही गोष्ट कुणी शेजारी ठेवून पाहिली असती, तर नाव बदलायला २०२० उजाडावं लागलं नसतं.

२०१५ मध्ये इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष नतान ओबेद यांनी नाव बदलण्याची जाहीर मागणी केली. क्लबने सल्लामसलत केली, उत्तरेत जाऊन लोकांशी बोलले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केलं की एकमत नाही, म्हणून नाव राहणार. पाच महिन्यांत एका प्रायोजकाने पैसा काढून घेण्याची तंबी दिली आणि नाव गेलं. क्लबच्या बाजूने मला सगळ्यांत कमीपणाची वाटते ती हीच बाब. वर्षभर माणसांचं ऐकून जे उमगलं नाही, ते एका प्रायोजकाच्या पत्राने उमगलं. जुने चाहते नावबदलाला ‘पैशाचा खेळ’ म्हणतात तेव्हा ते निम्मे बरोबर असतात. निर्णय योग्य होता, पण चुकीच्या दारातून आला.

‘एल्क्स’ हे नाव मात्र आकाशातून पडलेलं नाही. १९२२ मध्ये एडमंटनचा संघ याच नावाने ग्रे कपच्या अंतिम सामन्यात खेळला होता. हरला, १३-१. इतिहासाबद्दल हळवे असणाऱ्यांनी तेही जमेस धरावं.

आणि नव्या नावाने अवदसा आणली, असं म्हणणाऱ्यांसाठी. संघ घरच्या मैदानावर सलग २२ सामने हरला, ऑगस्ट २०२३ मध्ये ती मालिका तुटली, हे खरं. पण त्या मालिकेतला पहिला पराभव ऑक्टोबर २०१९ मधला आहे, जुन्या नावाखालचा. वाईट निवड, वाईट चालक, बदलते प्रशिक्षक. नाव बिचारं काय करणार?

जुनं नाव सगळीकडून खरवडून काढा, असं मी म्हणत नाही. ग्रे कपच्या पट्ट्यांवर कोरलेलं तसंच राहू दे, १९५४ च्या सामन्याचं वर्णन करताना ते येणारच, तेव्हाच्या तिकिटांवर, छायाचित्रांत ते आहेच. जे घडलं ते त्याच नावाने घडलं. फरक आहे तो नोंदीत आणि आरोळीत. वही जपून ठेवायची, पण तिच्यातलं चुकलेलं गणित रोज मोठ्याने म्हणायचं कशाला?

ऑगस्ट २०२४ मध्ये क्लब लॅरी थॉम्पसन या उद्योजकाला विकला गेला. तोवर त्याचा कुणी मालक नव्हता, तो शहराचा मानला जायचा. आता भिंतीवर काय लिहायचं हे एका मालकाच्या मर्जीवर येतं, आणि मालकाला तिकिटं खपवायची असतात. आठवणींचा गोडवा खपतो, ओक्लाहोमातला मोडलेला जबडा खपत नाही. म्हणून शहरानेच आता आग्रह धरायला हवा. प्रत्येक नावाखाली चार ओळी फार नाहीत. पार्कर: कुठून आला, का आला. ब्राइट: कुणी मारलं, कुणी माफी मागितली, किती वर्षांनी. क्वॉन्ग: ५०० डॉलर. माइल्स: वर्ग. मून: बारा फेऱ्या.

आणि एक पाटी खेळाडूची नसलेली. कॅमसेल हॉस्पिटल १९९६ मध्ये बंद पडलं, कित्येक वर्षं इमारत ओसाड होती, आता तिथे राहण्यासाठी फ्लॅट काढले आहेत. १९५० च्या दशकात संघ जिथे खेळायचा त्या क्लार्क स्टेडियमपासून ती जागा चार-पाच किलोमीटरवर आहे. खिडकी उघडी असली आणि वारा त्या बाजूचा असला, तर शनिवारी आरोळी ऐकू जात असेल का, कोण जाणे. त्या पाटीवर जे नाव घ्यायचं ते इनुइटांनीच ठरवावं.